पोत्यावरील आकडा आणि मूलद्रव्यांचा स्वभाव

खरीप हंगाम तोंडावर आला म्हणजे जिल्ह्यातील शेतकरी बांधवांची पावले आपोआप शहराकडे वळतात. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेची कचेरी असल्यामुळे तिकडे कामानिमित्त आलेल्या चार शेतकऱ्यांची गाठ पडली की बोलणे बहुधा एकाच गोष्टीवर येऊन ठेपते. यंदा युरिया वेळेवर मिळेल काय, आणि डी. ए. पी.ची किती पोती पदरात पडतील? हा प्रश्न क्षुल्लक आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्याहून मोठा एक प्रश्न आहे व तो क्वचितच कोणी विचारतो. मिळालेल्या पोत्यातील किती हिस्सा पिकाच्या पोटात जातो, आणि उरलेला कोठे जातो?

या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापाशी नाही व सरकारी परिपत्रकातही नाही. ते मूलद्रव्यांच्या स्वभावात आहे. कोणते द्रव्य कोणत्या अवस्थेत स्थिर राहते, कोणते चंचल होते, कोण कोणास भेटल्यावर घट्ट बिलगून बसते, हे ज्यास ठाऊक नाही त्याने कितीही पोती आणली तरी त्याचा पैसा काही अंशी वाऱ्यावर, काही अंशी विहिरीत व काही अंशी चुनखडीत जावयाचा. शेतकरी द्रव्याचे वजन विकत घेतो, पीक मात्र द्रव्याची अवस्था पाहून ते घेते, हे आमच्या आजच्या लेखाचे सार होय.

स्थिरता म्हणजे काय हे प्रथम पाहू. पैठण हे आपल्याच जिल्ह्यातील. जुन्या पैठणीच्या जरीतील सोने दोन-तीन पिढ्यांनंतरही पिवळेधमक असते, परंतु त्याखालील चांदी जेथे उघडी पडली तेथे काळवंडते, आणि त्याच पेटीचा लोखंडी कडीकोयंडा गंजून जातो. हवा तीच, घर तेच, काळही तोच. मग तिघांची गती निराळी का? सोन्यास हवेतील प्राणवायूची ओढ जवळजवळ नाही, चांदीस गंधकाची ओढ आहे, आणि लोखंडास प्राणवायू व ओलावा एकत्र भेटले की धीरच धरवत नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या परमाणूभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात. ज्याचे बाहेरचे कवच पूर्ण भरलेले असते ते द्रव्य कोणाकडे देणे-घेणे मागत नाही. हवेत शेकडा एक भागाहून किंचित कमी असा अर्गॉन नावाचा वायू आहे, तो असाच विरक्त आहे. १८९४ साली रॅले व रॅम्झे यांनी तो शोधून काढीपर्यंत तो हवेत आहे याचा कोणास पत्ताही नव्हता. उलट ज्याच्या बाहेरच्या कवचात एखादाच इलेक्ट्रॉन जास्त आहे किंवा एखादाच कमी आहे, ते द्रव्य व्यवहारास सदैव उतावीळ असते. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरिन वायू इतका दाहक की १९१५ साली पहिल्या महायुद्धात तो विषारी अस्त्र म्हणून वापरला गेला. पण या दोघांचा एकदा संयोग झाला म्हणजे त्याचे आपल्या ताटातील मीठ होते व ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. तात्पर्य, अमुक द्रव्य चांगले व तमुक वाईट असा निकाल देता येत नाही. ते एकटे आहे की कोणाशी जोडलेले, हे आधी विचारावे लागते. हा एक विचार मनात पक्का ठेवला म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास अडचण पडणार नाही.

आता नत्राकडे वळू. हवेचे शेकडा अठ्ठ्याहत्तर भाग म्हणजे नत्र वायू. आपल्या एक एकर रानाच्या डोक्यावर हवेत सुमारे तीस हजार टन नत्र उभे आहे. एवढ्या धनाखाली उभी असलेली कपाशी नत्रावाचून पिवळी पडावी, हा सृष्टीतील एक मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल. कारण असे की नत्राचा एकटा परमाणू चंचल असला तरी दोन परमाणू एकत्र आले की ते परस्परांस तिहेरी बंधनाने जखडून टाकतात, आणि ते बंधन तोडण्याची ताकद पिकाच्या मुळांत नाही. मनुष्यासही ती फार उशिरा साधली. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली नत्र व हायड्रोजन यांचा संयोग करून अमोनिया तयार करून दाखविला, आणि कार्ल बॉश याच्या खटपटीने १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना चालू झाला. चारशे ते पाचशे अंश उष्णता, वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक, इतक्या सामग्रीनंतर कोठे ते तिहेरी बंधन सुटते. आपल्या राज्यात तुर्भे व अलिबागजवळील थळ येथील कारखान्यांत आजही याच मार्गाने अमोनिया करून त्याचा युरिया बनविला जातो. त्यासाठी लागणारा नैसर्गिक वायू पुष्कळसा परदेशातून येतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि खतांचे जागतिक भाव भडकले, त्यामागे हेच कारण होते. युरियाचे पोते आपल्या हाती स्वस्त पडते ते सरकार वरचा भार उचलते म्हणून. ते स्वस्त आहे याचा अर्थ ते करण्यास श्रम पडत नाहीत असा नव्हे.

एवढ्या खटाटोपाने ज्याची बंधने तोडली ते नत्र पुन्हा आपल्या मूळच्या शांत जोडीत जाण्यास टपलेले असते. स्फोटक द्रव्यांत नत्राची संयुगे असतात ती याच ओढीमुळे. २१ सप्टेंबर १९२१ रोजी त्याच ओपाऊ कारखान्यात अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचा साठा फुटून पाचशेहून अधिक माणसे दगावली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात पडून राहिलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन अर्ध्या शहराची दुर्दशा झाली. आपल्या रानात असा आवाज होत नाही. तेथे नत्र मुकाट्याने निघून जाते, आणि आवाज होत नाही म्हणूनच त्याची कोणी दखल घेत नाही.

युरिया जमिनीत पडला म्हणजे मातीतील युरिएज नावाच्या पाचकद्रव्यामुळे दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियम कार्बोनेट होते. त्या दाण्याभोवतालची माती काही काळ अधिकच विम्ल होते. आपली काळी जमीन मुळातच विम्ल. तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. अशा जमिनीत, वर ऊन कडक व माती नुसती ओलसर, अशा वेळी वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. परिस्थिती अगदीच प्रतिकूल असली तर तिसरा हिस्सादेखील उडतो. हिशेब सोपा आहे. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात शेकडा शेहेचाळीस या प्रमाणे सुमारे एकवीस किलो नत्र. त्यातील सात किलो वाऱ्यावर गेले तर तीन पोत्यांमागे एक पोते आपण हवेस दान केले. जे उडाले नाही त्याचे मातीतील जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते व मातीच्या कणांस चिकटून राहत नाही, म्हणून जोराच्या पावसात ते खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. पाणी साचून राहिले तर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यातील प्राणवायू काढून घेतात आणि नत्र पुन्हा हवेत जाते, म्हणजे ज्या तिहेरी बंधनातून ते एवढ्या खर्चाने सोडविले होते त्यातच परत जाऊन बसते.

विहिरीच्या पाण्याची गोष्ट केवळ पैशाची नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये असे भारतीय मानक आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतील विहिरींत ते याहून अधिक आढळल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत नमूद आहे. अशा पाण्यावर वरचे दूध कालवून दिलेल्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व मूल निळे पडते. या नायट्रेटास उकिरडे व सांडपाणीही कारण असते हे खरे, तथापि आपल्या हातून जेवढे जाते तेवढे तरी थांबविणे हे आपले कर्तव्य आहे.

उपाय कठीण नाहीत. वरखत एकदम न देता दोन-तीन हप्त्यांनी द्यावे. जमिनीत वाफसा असताना ते ओळीच्या बाजूस देऊन लगेच कोळपे फिरवावे, म्हणजे ते मातीआड होईल. कोळपे फिरविणे शक्य नसेल तर चांगला पाऊस होण्यापूर्वी किंवा पाणी देण्याच्या बेतात असताना टाकावे. नुसत्या शिंतोड्यांनी ओल्या झालेल्या मातीवर टाकू नये. राख किंवा चुना यांजबरोबर अमोनियायुक्त खत कधीही मिसळू नये. शेणाच्या ताज्या ढिगावर राख ओतताच नाकास जो झणका लागतो तो त्या ढिगातील नत्राचाच वास होय. २०१५ सालापासून देशातील कारखान्यांचा सर्व युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो. त्या लेपाने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते हे खरे, पण उघड्यावर पडलेल्या दाण्यातील अमोनिया त्याने बांधून ठेवला जात नाही. म्हणून लेप आहे, आता चिंता नाही, असे कोणी समजू नये.

कारखान्यास जे काम करण्यास प्रचंड दाब व उष्णता लागते ते काम तुरीच्या मुळावरील गाठ आपल्या रानातील साध्या उष्णतेत करीत असते. द्विदल पिकांच्या गाठी हवेतील नत्र बांधतात हे हेलरिगेल व विलफार्थ यांनी १८८६ साली जगापुढे मांडले, आणि दोन वर्षांनी बायेरिंक याने ते जिवाणू निराळे काढून दाखविले. आपल्या वाडवडिलांस जिवाणू ठाऊक नव्हते, तरी ज्वारीत तुरीचे तास टाकण्याची व मुगाच्या बेवडावर रब्बी घेण्याची रीत त्यांनी अनुभवाने बसविली होती. या गाठीतील जे पाचकद्रव्य नत्राचे बंधन तोडते त्यात लोखंड व मॉलिब्डेनम ही दोन मूलद्रव्ये असतात. गाठ चालू आहे की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा नको. पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने एक रोप मुळासकट उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी किंवा तांबूस रंग दिसला तर ती कामावर आहे. पांढरी वा हिरवट करडी दिसली तर ती रिकामी बसली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे जिवाणू खते मिळतात. पिकानुसार योग्य जात पाहून बियाण्यास चोळावी. आणि तूर, हरभरा, सोयाबीन यांस युरियाचा मारा करू नये, कारण आयते नत्र मिळू लागले की गाठी आळसावतात.

नत्र उडून जाते, तर स्फुरदाची तऱ्हा याच्या अगदी उलट. १६६९ साली हँबर्ग येथे हेनिग ब्रँड याने मूत्र आटवून स्फुरद प्रथम वेगळे काढले. पांढरे स्फुरद हवेत आपोआप पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवावे लागते. इतके उतावीळ द्रव्य निसर्गात एकटे कधीच सापडत नाही. ते सदैव प्राणवायूशी व पुढे चुन्याशी जखडलेले असते. खडकातील स्फुरद पिकास लागू पडावे म्हणून त्यावर गंधकाम्ल टाकून सुपर फॉस्फेट करण्याची रीत इंग्लंडात लॉझ याने १८४२ साली पेटंट घेऊन प्रचारात आणली. म्हणजे कारखान्याचे सारे कौशल्य चुन्याच्या मिठीतून स्फुरद सोडविण्यात खर्ची पडते.

आणि आपण काय करतो? ते सोडविलेले स्फुरद नेऊन पुन्हा चुन्याच्याच स्वाधीन करतो. वेरुळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे त्याच घराण्याची आपली काळी माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो खडक लेण्यात बाराशे वर्षे उभा आहे, पण ऊन, पाणी व काळ यांच्या मऱ्याने त्याचाच झिजून चिकण झाला व त्यातील चुना मागे राहिला. नांगरताना जे पांढरे खडे वर येतात ते त्या चुन्याचेच. अशा जमिनीत डी. ए. पी. फोकून दिले की त्यातील विद्राव्य स्फुरद चुन्यास भेटते व हळूहळू पुन्हा खडकाच्या रूपाकडे परतते. पहिल्या पिकास साधारणपणे पाचवा हिस्सा लाभतो. पन्नास किलोच्या पोत्यात, स्फुरद ज्या हिशेबाने मोजतात त्या हिशेबाने, तेवीस किलो स्फुरद असते. त्यातील सुमारे साडेचार ते पाच किलो त्या हंगामास उपयोगी पडते. बाकीचे नाहीसे होत नाही. ते जमिनीतच असते, पण कुलूपबंद.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की स्फुरद फोकू नये. तिफणीने किंवा पाभरीने बियाण्याच्या बाजूस दोन इंचांवर, बियाण्याहून थोडे खोल असे पट्ट्यात पेरावे, म्हणजे त्याचा मातीशी संपर्क कमी येतो व मुळांशी अधिक येतो. दुसरी ही की ज्या रानात वर्षानुवर्षे डी. ए. पी. पडत आले आहे तेथे कुलपात बराच साठा असण्याचा संभव आहे. माती तपासून पाहावी, आणि साठा भरपूर निघाला तर मात्रा कमी करून कुजलेले शेणखत व स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांजवर भर द्यावा. खत कुजताना जी आम्ले निघतात ती या कुलपाची किल्ली होत. शिवाय ज्यांस तेलबिया किंवा कडधान्ये घ्यावयाची आहेत त्यांनी केवळ डी. ए. पी.च्या रांगेत तिष्ठत राहण्याऐवजी साध्या सुपर फॉस्फेटचा विचार करावा. त्यात स्फुरद कमी, शेकडा सोळाच, पण शेकडा अकराच्या आसपास गंधक असते व डी. ए. पी.त ते नसते.

लोखंडाची कथा याहून विलक्षण आहे. आपली काळी माती लोखंडाने श्रीमंत, आणि तरी तीत उभ्या असलेल्या मोसंबीच्या कोवळ्या पानांवर केवडा पडतो. शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा होतो. हा रोग नसून उपासमार आहे. लोखंडाच्या दोन अवस्था आहेत. एक विरघळणारी, जी मुळास घेता येते, व दुसरी गंजाची, जी घेता येत नाही. विम्ल व हवेशीर चुनखडीच्या जमिनीत पहिली अवस्था टिकत नाही. म्हणून हिराकस जमिनीत टाकावा तर तो थोड्याच दिवसांत गंज होऊन बसतो व बागाईतदार म्हणतो की औषध लागू पडले नाही. तेच हिराकस दहा लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम या प्रमाणात, किंचित सायट्रिक आम्ल घालून, पानांवर फवारले तर मातीस चुकवून लोखंड सरळ झाडास पोचते. चिलेट म्हणून जी महाग औषधे मिळतात त्यांत लोखंडास एका सेंद्रिय रेणूच्या कवेत घेऊन सुरक्षित ठेवलेले असते. परंतु तेथेही जात पाहावी लागते. ई. डी. टी. ए. जातीचे चिलेट विम्ल जमिनीत लोखंड सोडून चुन्यास धरते, ई. डी. डी. एच. ए. जातीचे मात्र टिकून राहते. जमिनीतून द्यावयाचे तर दुसरे घ्यावे. पहिले फवारणीसाठीच ठेवावे. जस्ताचेही असेच. जस्ताचे सल्फेट व डी. ए. पी. एकाच टोपलीत मिसळले तर दोघांचा संयोग होऊन जस्त अडकते. ती दोन खते निरनिराळ्या वेळी द्यावीत.

एक लहानसा प्रयोग प्रत्येक बागाईतदाराने आपल्या मुलांसमक्ष करावा असे आम्हांस वाटते. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे याने द्राक्षांच्या केवड्यासाठी बोर्डो मिश्रण प्रचारात आणले, व ते आजही आपल्या बागांत चालते. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना असे त्याचे प्रमाण. हे मिश्रण लोखंडी पिंपात का करू नये? मोरचुदाच्या पाण्यात स्वच्छ घासलेला विळा क्षणभर बुडवून काढावा. त्यावर तांबूस थर दिसेल. लोखंड तांब्याहून अधिक चंचल असल्यामुळे ते आपण विरघळते व तांब्यास बाहेर ढकलते, म्हणजे आपले पिंप खाल्ले जाते व औषधातील तांबे वाया जाते. जस्ताच्या पत्र्याची बादली तर याहून लवकर खाल्ली जाईल. म्हणून मातीचे, लाकडाचे किंवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे. मिश्रण तयार झाल्यावर हाच विळा परीक्षेस लावावा. थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा, नाहीतर पाने करपतील. पुस्तकात ज्यास धातूंची क्रियाशीलता म्हणतात ती अशी विळ्याच्या पात्यावर उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आता आम्ही ज्या द्रव्यास सर्वांत अधिक महत्त्व देतो त्या कर्बाविषयी. कर्ब हा टोकाचा विरागी नव्हे व टोकाचा उतावीळही नव्हे. तो चौघांशी हात मिळवितो आणि मिळविलेला हात सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच सृष्टीतील सर्व जीवमात्राची उभारणी त्याच्यावर झाली. जमिनीतील कुजलेला सेंद्रिय कर्ब हा चंचल नत्रास धरून ठेवतो, अडकलेल्या स्फुरदास सोडवितो आणि लोखंड व जस्त यांस आपल्या कवेत सांभाळतो. बाजारातील महाग चिलेट जे काम करते तेच काम शेणखत व ताग फुकट करतात. परंतु आमच्याकडील उष्ण हवेत हा कर्ब लवकर जळतो, आणि त्यात पऱ्हाट्या व मक्याचा ताटवा बांधावर पेटवून देण्याची चाल पडली आहे. ज्याने रानात कर्ब उरू दिला नाही त्याने तिजोरीस कुलूप न लावता तीत पैसे टाकीत राहावे, तसा हा प्रकार होय.

याविषयी सध्या दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की उत्पन्न वाढवावयाचे तर पोती वाढवा. दुसरा म्हणतो की रासायनिक खत हे विषच आहे व त्याचे नाव काढू नये. आमच्या मते दोघेही द्रव्याचा स्वभाव न पाहता त्याच्या नावावरून निकाल देतात. कपाशीचे मूळ नायट्रेट घेते तेव्हा ते शेणातून आले की युरियातून आले हे विचारीत नाही. म्हणून विषाची भाषा खरी नाही. पण शेणखतातून नत्र हळूहळू सुटते व पिकाच्या भुकेशी जुळते, युरियातून एकदम सुटते व पिकाआधी वारा आणि पाणी त्यावर हात मारतात. म्हणून नुसत्या पोत्यांचा आग्रहही खरा नाही. भरखताचा पाया घालून त्यावर जोरखत मोजून, वेळ पाहून व मातीआड द्यावे, हा मधला मार्ग दोन्ही पक्षांस नीरस वाटेल, पण जमिनीच्या रसायनशास्त्रास तोच धरून आहे.

यावर एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो. मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. मूठभर युरिया फेकून मोकळे होणे हाच आता एक मार्ग उरला आहे. हा आक्षेप खोटा नाही. परंतु तीन पोत्यांमागे एक वाया जाण्याचा संभव असेल तर त्या पोत्याची किंमत, ते आणण्याचा हेलपाटा आणि त्यापायी घटलेले उत्पन्न हे सर्व एका पारड्यात घालून दुसऱ्यात कोळप्याची मजुरी घालावी व मग बोलावे. शिवाय पेरणीबरोबर खत पेरण्यास निराळा मजूर लागत नाही. दोन नळ्यांची तिफण किंवा ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र लागते, व ते चार शेतकऱ्यांनी मिळून घेता येते. अनेक दुकानांतून युरियाबरोबर नको असलेली बाटली किंवा पुडी गळ्यात मारली जाते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. त्या बाटलीत कोणते द्रव्य कोणत्या अवस्थेत आहे व ते आपल्या मातीत टिकेल काय, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय जरी लागली तरी तो भुर्दंड पुष्कळसा टळेल.

म्हणून आपल्या मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या स्वतःच्या रानाची माती तपासून घ्यावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तीत नमुने बागाईतात अडीच हेक्टरांस व जिराईतात दहा हेक्टरांस एक या हिशेबाने घेतले जात, त्यामुळे पत्रिकेतील आकडे शेजाऱ्याच्या बांधापलीकडील मातीचेही असू शकतात. नमुना घेताना लोखंड, जस्त पाहावयाचे असेल तर लोखंडी खुरपे वापरू नये. लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने माती घ्यावी, नाहीतर खुरप्याचेच लोखंड आपण तपासून आणू. दुसरी, मंडळाने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक बाटली जाणत्या माणसाच्या हाती ठेवावी. मातीवर थेंब टाकताच फेस आला तर चुनखडी आहे हे सभासदास जागच्या जागी कळेल, व स्फुरद आणि लोखंड कसे द्यावे याचा निर्णय त्यावरून करता येईल.

तिसरी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेचे विज्ञान महाविद्यालय औरंगपुऱ्यातच आहे. मेंडेलीव्ह याने १८६९ साली रचलेली मूलद्रव्यांची सारणी आपल्या शेतकऱ्यांचीच मुले तेथे शिकतात, परीक्षा देतात, आणि गावी परतल्यावर बापाशेजारी उभी राहून युरिया फेकतात. शाळेतील रसायन व रानातील रसायन एकच आहे हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. मंडळाने रसायनाच्या अध्यापकांस विनंती करून दर उन्हाळ्यात, मृगापूर्वी, सभासदांसाठी दोन दिवसांचा वर्ग भरवावा. त्यात फळ्यावरील सूत्रे थोडी असावीत व विळा, मोरचूद, चुनखडीचा खडा आणि तुरीची गाठ हीच मुख्य साधने असावीत. वर्गास बापाने मुलास बरोबर आणावे, आणि घरच्या लक्ष्मीसही आणावे, कारण खुरपणीच्या वेळी पानाचा रंग प्रथम तिच्याच दृष्टीस पडतो.

खर्च फारसा नाही. एखाद्या सभासदाने मोठ्या वावरात एका वर्षी वाऱ्यावर घालविलेल्या युरियाच्या किमतीत असा वर्ग भरेल असा आमचा अंदाज आहे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडला जावा व सभासदांनी आपले अनुकूल-प्रतिकूल मत चिटणीसांकडे आगाऊ लिहून कळवावे, अशी आमची विनंती आहे.